भुकेचं काय केलंस?

मैत्रिणीनं तिच्या लघुपटाची पटकथा वाचायला दिली होती. इमारतीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत काहीतरी राहतं, आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर एकटी राहणारी बाई हळूहळू त्याच्या प्रेमात पडते. पहिली वीस पानं सुरेख होती. बाई नळ सोडते आणि धारेच्या आवाजावरून तिला कळतं, आज तो जागा आहे. एकविसाव्या पानावर ती त्याच्या कपाळाला ओठ लावते, खवले गळून पडतात आणि टाकीतून एक देखणा तरुण बाहेर येतो. मी कागद खाली ठेवले.

"काय झालं?"

"तो आधी शेजाऱ्यांची मांजरं खात होता ना? त्या भुकेचं काय केलंस?"

"गेली ती. शाप सुटला."

माझं भांडण आहे ते या ‘गेली ती’शी. मैत्रिणीशी नाही, तिच्या आधी कितीतरी मोठ्या लोकांनी हेच केलेलं आहे.

प्रेम आणि राक्षस यांची पडद्यावरची सोबत जुनी आहे. जुन्या भयपटांची पोस्टरं आठवून बघा: राक्षसाच्या दोन हातांवर आडवी, मान टाकलेली, बेशुद्ध बाई. स्मृतिकारांनी विवाहाचे आठ प्रकार सांगितले, त्यात मुलीला जबरदस्तीनं उचलून नेणं हा राक्षसविवाह आणि दोघांच्या मर्जीनं जमतो तो गांधर्व. १९३३चा ‘किंग काँग’ काय किंवा १९५४चा ‘क्रिएचर फ्रॉम द ब्लॅक लगून’ काय, दोन्ही पहिल्या प्रकारातले. ओढ आहे ती एकट्या राक्षसाला. बाईला कुणी विचारलेलं नाही आणि तिचं काम किंचाळणं. गेल्या वीसेक वर्षांत छोट्या, स्वतंत्र चित्रपटांनी दुसरा प्रकार करून बघायला घेतला: राक्षसाशी गांधर्वविवाह. बाई शुद्धीवर आहे, तिला सगळं दिसतंय, आणि तरी तिला तो हवा आहे. किंवा मुलगा शुद्धीवर आहे आणि त्याला ती हवी आहे. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. पण तो केला की एक प्रश्न दारात येऊन उभा राहतो आणि बरेच जण त्याला मागच्या दारानं घालवून देतात.

प्रश्न असा, की अशा गोष्टी हिंसेला गोंडस करत नाहीत का? रक्त पिणाऱ्याच्या, माणसं मारणाऱ्याच्या प्रेमात पडलेली नायिका दाखवायची, वर संगीत लावायचं, आणि बघणाऱ्या पोरीनं काय समजायचं? हा आक्षेप घेणाऱ्यांना ‘तुम्हाला कला कळत नाही’ म्हणून उडवून लावायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. आक्षेप खरा आहे, फक्त तो चुकीच्या माणसाला धरतो.

‘ब्यूटी अँड द बीस्ट’ची गोष्ट घ्या. मादाम द व्हिलनव्हनं ती १७४०मध्ये फ्रेंचमध्ये लांबलचक लिहिली. १७५६मध्ये मादाम द बोमाँनं ती आटोपशीर केली, मुलींना चार शहाणपणाच्या गोष्टी शिकवण्यासाठी छापलेल्या पुस्तकात. आज आपल्याला माहीत आहे ती हीच दुसरी. शिकवण सरळ आहे: रूपावर जाऊ नकोस, धीर धर, प्रेम कर, आणि एके दिवशी जनावराचा राजपुत्र होईल. आता हीच शिकवण मारकुट्या नवऱ्याच्या घरात नेऊन ठेवा. अजून थोडं सोस, अजून थोडं प्रेम कर, आतून तो चांगला आहे. आक्षेप घेणाऱ्यांना जी भीती वाटते ती इथे जन्माला येते. बाईनं जनावरावर प्रेम केल्यानं ती आलेली नाही. प्रेमानं जनावर बरं होतं असं सांगितल्यानं आली आहे.

झाँ कॉक्तोनं १९४६मध्ये या गोष्टीवर चित्रपट केला. नायक झाँ मारेच्या चेहऱ्यावर आणि हातांवर जनावर चढवायला रोज पाचेक तास लागायचे. त्या केसाळ तोंडातले ओले डोळे एकदा बघितले की विसरता येत नाहीत. शिकार करून आला की त्याच्या हातांतून वाफ निघते आणि तो ते हात तिच्यापासून लपवायला बघतो. शेवटी शाप सुटतो, मारे स्वतःच्या गुळगुळीत चेहऱ्यानं उभा राहतो आणि पडद्यातला जीव जातो. नायिकासुद्धा क्षणभर बावरते. मला दर वेळी वाटतं, तिला विचारावं: बाई गं, हा कोण? तू कुणासाठी परत आली होतीस?

याच्या उलट टोकाला २००८चा स्वीडिश ‘लेट द राइट वन इन’ आहे. टॉमस आल्फ्रेडसननं दिग्दर्शित केलेला, मूळ कादंबरीकारानंच पटकथा लिहिलेला. बारा वर्षांचा ऑस्कर, शाळेत मार खाणारा, आणि शेजारी राहायला आलेली एली, जी बारा वर्षांचीच आहे पण फार फार दिवसांपासून. रक्त पिणाऱ्यांचा जुना नियम आहे, की आमंत्रण मिळाल्याशिवाय त्यांना उंबरा ओलांडता येत नाही. एके संध्याकाळी एली ऑस्करच्या दारात उभी आहे. आत येऊ का, असं तिनं विचारलंय. ऑस्करला आता ती कोण आहे ते कळलेलं आहे. तो शब्द उच्चारत नाही. नुसता हात हलवून, जरा खोडसाळपणे, ये की, असं खुणावतो. बघू काय होतं ते. एली आत येते. दोन पावलं. उभी राहते. मग अंग थरथरायला लागतं, कानांतून, डोळ्यांतून, पाठीवरून कपड्याला भिजवत रक्त यायला लागतं. ती काही बोलत नाही. ऑस्करची मस्करी चेहऱ्यावरच विरते, तो ओरडतो, ये, तू येऊ शकतेस, आणि तिला मिठी मारतो.

या प्रसंगात भीती कोणती आणि प्रेम कोणतं, हे वेगळं काढून दाखवा. येत नाही. एकाच नियमातून दोन्ही आलेली आहेत. तिला ज्या गोष्टीनं राक्षस ठरवलं, तीच गोष्ट त्यानं दुखवली, आणि दुखवल्यावर त्याला कळलं आपल्याला काय वाटतं. इतकं करूनही एली बरी होत नाही. तिला उद्या परत रक्त लागणार. तिच्यासोबत होकान नावाचा एक म्हातारा होत चाललेला माणूस होता, तिच्यासाठी माणसं मारून कॅनमध्ये रक्त आणणारा. तो कधीतरी ऑस्करएवढा असेल का, हे चित्रपट सांगत नाही आणि आपल्या डोक्यातून जाऊही देत नाही. शेवटी आगगाडीत ऑस्करच्या पायाशी मोठी पेटी असते, आतून ती मोर्सच्या खुणांत टकटक करते, तो उत्तर देतो. प्रेक्षक डोळे पुसतो आणि त्याच वेळी त्याला वाटतं, पोरा, उतर. हिंसेला गोंडस करणं म्हणतात ते हे नव्हे. इथे किंमत चिकटवलेली आहे आणि ती खरडून काढलेली नाही.

मधल्या वाटेवरचं उदाहरण म्हणजे २०१७चा ‘द शेप ऑफ वॉटर’, एका बाईची आणि जलचराची प्रेमकथा. व्हेनिस महोत्सवाचा सुवर्णसिंह, मग सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर. खर्च साधारण दोन कोटी डॉलर, म्हणजे हॉलिवुडच्या मानानं चिल्लर, पण छोट्या चित्रपटवाल्यांच्या मानानं कुबेराचं भांडार. गिलेर्मो देल तोरोचं कौतुक अशासाठी, की त्यानं जलचराचा राजपुत्र केला नाही. एवढंच काय, तो मांजर खातो आणि ते मांजर आपल्याला दिसतं. (माझ्या मैत्रिणीला मांजरं कुठून सुचली, हे मी तिला विचारलेलं नाही.) पण तो एकच घास. त्यानंतर भूक गायब; उलट तो स्पर्शानं जखमा बऱ्या करायला लागतो. आणि सगळं राक्षसपण सूटबूट घातलेल्या खलनायकाच्या गळ्यात घातलं जातं. खरा राक्षस तर माणूसच! हे वाक्य आता इतकं घासलं गेलंय की त्यावर बंदी आणायला माझी हरकत नाही. जनावर निर्दोष ठरलं की त्याच्यावर प्रेम करणं सोपं झालं, आणि सोपं झालं की नायिकेला काही ठरवायचं उरलं नाही.

आपल्याकडे या पेचावर फार पूर्वी विचार झालाय, हे मला बरंच उशिरा कळलं. नवव्या शतकातल्या काश्मीरमध्ये आनंदवर्धनानं काव्यशास्त्रावरचा ‘ध्वन्यालोक’ लिहिला. त्याच्या तिसऱ्या उद्योतात, म्हणजे प्रकरणात, विरोधी रसांची चर्चा आहे. शृंगार आणि बीभत्स एकमेकांचे वैरी. शेजारी बसवले की एकमेकांना खातात. आणि नाट्यशास्त्रवाल्या भरतानं तर सांगूनच ठेवलंय की बीभत्सातून भयानक उपजतो. म्हणजे राक्षसाची प्रेमकथा करायला बसलेला माणूस शृंगाराच्या पंगतीला एकाच वेळी दोन वैऱ्यांना बोलावतो. आनंदवर्धन ‘करू नका’ म्हणत नाही. तो उपाय सांगतो. एक, दोन रसांचे आश्रय, म्हणजे ते ज्यांच्या मनात उपजतात ती पात्रं, वेगळे ठेवा. दोन, दोघांच्या मध्ये तिसरा रस आणून बसवा.

पहिला उपाय आज सर्रास वापरात आहे, वापरणाऱ्यांना आनंदवर्धन माहीत नसला तरी. भीती सगळ्या गावाला, प्रेम एकट्या नायिकेला. गाव मशाली घेऊन धावतं आणि तिला मात्र पहिल्या भेटीपासून भीती म्हणून वाटत नाही. नायिका यात संत होते आणि संतांच्या प्रेमकथा कंटाळवाण्या असतात. मला दोन्ही एकाच छातीत हवं आहे. ज्या हातानं गळा आवळला जाऊ शकतो तोच हात केसांतून फिरतोय, हे जिला कळतं तिची गोष्ट.

त्यासाठी दुसरा उपाय. त्याचं उदाहरण म्हणून आनंदवर्धन तीन श्लोक देतो आणि ते वाचून मी थक्क झाले. रणात पडलेले वीर स्वर्गाच्या विमानात बसलेत. छातीला पारिजाताच्या माळांच्या परागांचा वास, गळ्यात अप्सरांचे हात, कल्पलतेच्या रेशमानं वारा घातला जातोय. आणि अप्सरा बोटं दाखवताहेत खाली, तिथे त्याच वीरांची शरीरं धुळीत पडलीत. कोल्हिणींनी त्यांना घट्ट मिठी मारली आहे. मांस खाणारे पक्षी रक्तानं भिजलेल्या पंखांनी त्यांना वारा घालताहेत. वर मिठी, खाली मिठी. वर वारा, खाली वारा. मधे वीररस आहे म्हणून शृंगार आणि बीभत्स भांडत नाहीत, असं आनंदवर्धन म्हणतो. मला त्याहून जास्त लक्षात राहतं ते मिठीचं साम्य. हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी कोल्हीण आणि अप्सरा यांना एकच मिठी दिली आणि कवितेला काही झालं नाही.

आता चित्रपटात मधला रस कोणता? बहुतेक पटकथांमध्ये तो नसतोच. प्रेमाचा प्रसंग, किंकाळीचा प्रसंग, पुन्हा प्रेमाचा. जणू दोन वेगळ्या चित्रपटांची रिळं कापून आलटून पालटून चिकटवली. ‘लेट द राइट वन इन’मध्ये त्या रक्तानंतर एली न्हाते आणि ऑस्कर तिला आईचा फ्रॉक घालायला देतो. अंगाला न बसणारा, मोठ्या बाईचा फ्रॉक. हा प्रसंग भीतीचा नाही आणि धड शृंगाराचाही नाही. याला वात्सल्य म्हणा, शुश्रूषा म्हणा. आनंदवर्धनाला चाललं असतं की नाही कोण जाणे, पण पूल तोच आहे.

२०१४च्या ‘अ गर्ल वॉक्स होम अलोन अ‍ॅट नाइट’मध्ये तोच पूल हसण्याचा आहे. ॲना लिली अमीरपूरचा कृष्णधवल चित्रपट, संवाद फारसीत, चित्रीकरण कॅलिफोर्नियात. मुलगा वेषांतराच्या पार्टीहून ड्रॅक्युलाचा झगा घालून, नशेत, रस्ता चुकून दिव्याच्या खांबाकडे टक लावून उभा. समोरून चादोर घेतलेली मुलगी येते, ती खरोखरची रक्त पिणारी. खोट्या ड्रॅक्युलाला स्केटबोर्डवर बसवून खरी ड्रॅक्युला घरी ढकलत नेते. मग तिच्या खोलीत गाणं लागतं, छताला फिरता आरशांचा गोळा, तो मागून हळूहळू जवळ येतो. ती वळते. त्याची हनुवटी वर करते. गळा उघडा पडतो. कॅमेरा हलत नाही. काय होईल ते आपल्याला माहीत नाही आणि मला वाटतं तिलाही नाही. ती डोकं त्याच्या छातीवर टेकवते आणि ठोके ऐकते. ठोके ऐकणारीला त्यात रक्तही ऐकू येत असणार. चित्रपट हे बोलत नाही.

असे प्रसंग छोट्या चित्रपटांतच जास्त सापडतात, याचं कारण छोटे दिग्दर्शक जास्त शूर असतात असं मी मानत नाही. कारण पैसा. किंवा त्याचा अभाव. याचा मूळपुरुष स्टुडिओतच सापडतो: १९४२चा ‘कॅट पीपल’. आरकेओ स्टुडिओनं निर्माता व्हॅल ल्यूटनच्या हाती आधी चित्रपटाचं नुसतं नाव ठेवलं आणि दीड लाख डॉलरच्या आत चित्रपट कर म्हणाले. गोष्ट अशा बाईची, जिला वाटतं की पुरुषानं चुंबन घेतलं तर आपण काळा बिबट्या होऊ आणि त्याला फाडू. ती लग्न करते. नवऱ्यावर तिचं प्रेम आहे, म्हणूनच ती वेगळ्या खोलीत झोपते. बाईचा बिबट्या होताना दाखवायला पैसे नव्हते आणि ल्यूटनला ते दाखवायचंही नव्हतं. म्हणून दिग्दर्शक झाक तूर्नरनं रात्रीच्या रस्त्यावर एक बाई चालताना दाखवली, मागून टाचांचा आवाज, मग तो आवाज थांबतो. आता झडप येणार म्हणून आपण श्वास रोखतो आणि फिस्सकन् येते ती बस. त्या युक्तीला आजही संकलक ‘ल्यूटन बस’ म्हणतात. पण युक्तीपेक्षा मोठी गोष्ट ही, की राक्षस दाखवता येत नाही म्हटल्यावर चित्रपटाकडे वेळ उरतो, आणि उरलेल्या वेळात दोन माणसं एकमेकांशी बोलतात. प्रेमकथेला नेमका तोच ऐवज लागतो.

२०१९च्या ‘आफ्टर मिडनाइट’मध्ये तर नायकाच्या घराच्या दारावर रोज रात्री काहीतरी नखं घासतं, आणि चित्रपटाचा गाभा मात्र त्याच दारात बसलेल्या जोडप्याचं दहा मिनिटांहून लांब, एका शॉटमधलं बोलणं आहे. दहा वर्षांच्या नात्यात कोण कुणाला काय देणं लागतं, याचा हिशेब. हे बोलणं चालू असताना आपण दाराकडे बघत राहतो. मोठ्या पैशाच्या चित्रपटात तेवढ्या वेळात तीन पाठलाग झाले असते.

छोट्या चित्रपटांना त्यांचाही एक रोग आहे. रूपकाचा. राक्षस म्हणजे दुःख, राक्षस म्हणजे नैराश्य, राक्षस म्हणजे आईचं आजारपण. विसाव्या मिनिटाला प्रेक्षकाला उत्तर सापडतं आणि पुढचा तासभर तो परीक्षकासारखा बसून राहतो. रूपक असू नये असं नाही. पण राक्षसाला आधी दात असावेत, अर्थ मागून आला तरी चालतो. पोलिश दिग्दर्शक झुलाव्स्कीनं १९८१चा ‘पझेशन’ स्वतःचं लग्न मोडल्यावर लिहिला. पश्चिम बर्लिनमधलं तुटणारं घर आणि बायकोनं दुसऱ्या घरात जपलेला, कार्लो राम्बाल्दीनं घडवलेला तो ओला, लिबलिबीत जीव. ‘घटस्फोटाचं रूपक’ म्हणून त्याला कपाटात ठेवता येत नाही, कारण तो बिछान्यात आहे. इझाबेल अजानीला त्यासाठी कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. अमेरिकेत मात्र दोन तासांहून मोठा हा चित्रपट ८१ मिनिटांचा करून दाखवला गेला. भयपट म्हणून विकायचा तर एवढं लग्न कशाला, असाच तो हिशेब असणार. विकणाऱ्याला एका वेळी एकच डबा हवा असतो. यातलं प्रेम गाळलं तरी राक्षस उरत नाही, हे त्याला कळायचं कारण नाही.

आणि कधी कधी राक्षस बाहेरून यावाच लागत नाही. भास्कर हजारिकाचा २०१९चा असमिया ‘आमिस’ बघा. विवाहित डॉक्टर बाई, मांसाहारावर संशोधन करणारा तरुण, आणि एकमेकांना बोटसुद्धा न लावण्याचा दोघांचा संयम. जे स्पर्शाला नाकारलं ते भुकेनं वसूल केलं. दोन सभ्य माणसं आपल्या डोळ्यांदेखत राक्षस होतात आणि कुठल्या क्षणी झाली ते बोट ठेवून सांगता येत नाही. मी तो एकदाच बघू शकले.

मैत्रिणीला यातलं निम्मंअर्धं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "तुला बोलायला काय जातंय, माझ्याकडे रबराचा पोशाख फक्त कोपरापर्यंतचा आहे." मी म्हटलं मग कोपरापर्यंतच दाखव. मागच्या वेळी एका ओळखीच्याच्या लघुपटात राक्षस पूर्ण उभा राहिला होता, तो वळला, पाठीची चेन दिसली आणि सगळं प्रेक्षागृह हसलं होतं. तेव्हा आम्ही दोघी शेजारी बसलो होतो.

पंधरा दिवसांनी नवा मसुदा आला. एकविसाव्या पानावर आता कुणी बरं होत नाही. खालच्या मजल्यावरचं मूल मांजर शोधत गच्चीवर येतं आणि बाई त्याला परत पाठवते, नेहमीपेक्षा चढ्या आवाजात. त्या रात्री ती टाकीच्या झाकणावर वजन ठेवते, घरातल्या जुन्या पुस्तकांचे दोरीनं बांधलेले गठ्ठे, एकावर एक. मग त्याच झाकणाला कान लावून आडवी होते. शेवटच्या पानावर आतून एकदा टकटक होते. ती उठून बसते आणि एक गठ्ठा उचलून बाजूला ठेवते.

झाकणावर मग किती गठ्ठे उरतात, हे तिनं लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं.

"शूटिंगच्या दिवशी किती गोळा होतात त्यावर आहे," ती म्हणाली. "तुझ्याकडे आहेत का?"